ऐंशी मिनिटं पुढे

अंदमानच्या पॅकेजमध्ये नील बेटाच्या वाट्याला येतात तीन-चार तास. आम्ही तिथं सहा दिवस काढले. एक पाठपिशवी, एक भाड्याची सायकल आणि भिंतीवर एक बंगाली कॅलेंडर!

सुट्टी मंजूर झाल्याची मेल आली की आपण पहिलं काम काय करतो? एक्सेल शीट उघडतो. डावीकडे तारखा, वर ‘मॉर्निंग’, ‘आफ्टरनून’, ‘इव्हिनिंग’ आणि मधल्या प्रत्येक चौकोनात एकेक पॉइंट. पाच रात्री, सहा दिवस, अठरा पॉइंट. सहाव्या दिवशी विमानतळावर पाय सुजलेले, कॅमेऱ्यात आठशे फोटो आणि मनात एकच विचार... आता या सुट्टीतून बरं व्हायला अजून दोन दिवस सुट्टी हवी होती बॉस!

अंदमानचं पॅकेज हा या प्रकाराचा अगदी टिपिकल नमुना. सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड शो, हॅवलॉकचा राधानगर बीच, एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग आणि परतीच्या वाटेवर ‘नील आयलंड – हाफ डे’. सकाळच्या बोटीनं उतरायचं, भरतपूर बीचवर काचेच्या तळाच्या होडीत बसायचं, तो प्रसिद्ध दगडी पूल बघायचा, जेवायचं आणि दुपारच्या बोटीनं चालू पडायचं.

माझी मैत्रीण ऑफिसात टीम लीड आहे आणि सुट्टीतही तिचा हुद्दा सुटत नाही. तिच्या शीटमध्येही नील हाफ डेच होतं. मी तो चौकोन सहा दिवसांचा करून टाकला आणि बाकीचं सगळं डिलीट! दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. ‘सहा दिवस एकाच बेटावर करणार काय?’ हा तिचा प्रश्न. रास्त होता. या लेखात त्याचंच उत्तर आहे.

जनरलसाहेबांची बेटं

आधी थोडा भूगोल आणि चिमूटभर इतिहास. पोर्ट ब्लेअरपासून (२०२४पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) चाळीसएक किलोमीटरवर बेटांचा एक पुंजका आहे, रिचीज आर्किपेलागो नावाचा. त्यातल्या बेटांची नावं वाचत गेलं की शाळेतलं अठराशे सत्तावन्न आठवायला लागतं. हॅवलॉक, नील, आउट्रम, निकल्सन, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स. उठाव मोडून काढणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची ही यादीच! जुलै १८५७मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या हातून कानपूर घेतलं ते हॅवलॉकनं, आणि त्याच्यामागून येऊन तिथं सूड म्हणून जे अमानुष अत्याचार झाले त्यासाठी कुप्रसिद्ध झाला तो कर्नल नील. इतक्या शांत, निळ्याशार बेटाला इतक्या क्रूर माणसाचं नाव!

३० डिसेंबर १९४३ला नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमान-निकोबारला ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावं सुचवली. त्याला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे डिसेंबर २०१८मध्ये, नीलचं शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. बोटीच्या तिकिटावर आता हीच नावं असतात. बोलताना मात्र जेट्टीवरच्या हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळे अजून ‘नील’च म्हणतात. म्हणून मीही तेच म्हणतेय.

बेटावरच्या गावांची नावं मात्र थेट रामायणातली. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर आणि मधोमध बाजाराचं गाव नील केंद्र. ही वस्ती जुनी नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं साठच्या दशकात इथं आणून वसवलं. जंगल तोडून त्यांनी भातखाचरं केली, नारळ-सुपारी लावली, भाजीचे मळे फुलवले. आज पोर्ट ब्लेअरच्या आणि हॅवलॉकच्या ताटात पडणारी बरीचशी भाजी इथूनच बोटीनं जाते. २०११च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास होती. हिंजवडीतल्या एखाद्या बड्या कंपनीच्या कॅम्पसमध्ये याहून जास्त माणसं दुपारी जेवायला रांगेत उभी असतात!

पाचला काळोख

आम्ही मार्गशीर्षातल्या दशमीला पोचलो. तिथी सांगतेय म्हणून दचकू नका, पुढे तिचं काम आहे. नील केंद्रापासून थोडं आत, सुपारीच्या बागेत बांबूच्या पाच झोपड्या. आत एक पलंग, एक मच्छरदाणी, एक पंखा. बाहेर दोन झाडांना बांधलेली झोळी. मालकीणबाई पन्नाशीच्या. बेटावरच जन्मलेल्या, सगळ्या पाहुण्यांच्या ‘दीदी’. हिंदी बोलतात, पण तिला बंगालीचा असा गोड पाक चढलेला की रागावल्या तरी लाड करताहेत असंच वाटावं.

पहिला धक्का घड्याळानं दिला. दुपारी चहा पिऊन, जरा आडवं होऊन, ‘चल आता बीचवर जाऊ’ म्हणत बाहेर पडलो तर सूर्य निघायच्या तयारीत! घड्याळात पावणेपाच. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सायकली टेकवल्या तेव्हा पाच वाजत होते आणि शेवटची नारिंगी कड पाण्यात उतरत होती. या वेळी ऑफिसात आपण दुसऱ्या चहाला उठतो.

यामागचा हिशेब अगदी सोपा आहे. सगळ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाला बांधलेलं, ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. मुंबई त्र्याहत्तर अंशाच्या आसपास, तर नील त्र्याण्णवच्या. मधे वीस अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नीलचा सूर्य मुंबईच्या सुमारे ऐंशी मिनिटं आधी डोक्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! त्यामुळे डिसेंबरात इथं साडेपाचच्या सुमाराला उजाडतं आणि पाचला सूर्य बुडतो. साडेसहापर्यंत असा गुडुप काळोख होतो की टॉर्चशिवाय सायकल चालवता येत नाही.

पहिल्या दिवशी हे ‘कसलं भारी’ वाटलं. दुसऱ्या दिवशी गैरसोय. रात्री आठला जेवून झालं, साडेआठला बेट झोपलं, आता करायचं काय? मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२०मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला इंटरनेट बऱ्यापैकी पळतं. पण आमच्या सुपारीच्या बागेत एक रील उघडेपर्यंत झोप यायची. तिसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला आपोआप जागी झाले, गजराशिवाय. टीम लीड माझ्या आधी उठून झोळीत पाय हलवत बसली होती. रोज साडेआठला स्नूझ दाबून दाबून उठणारी ही बाई! ‘मला फ्रेश वाटतंय,’ ती जरा संशयानंच म्हणाली. ‘काहीतरी चुकतंय.’

तिथीचा पाऊणपट

एकादशीला सकाळी आम्ही दगडी पूल बघायला निघालो. हा नीलचा हुकमी फोटो. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बीचवर, मेलेल्या पोवळ्यांपासून बनलेल्या खडकाची ही प्रचंड कमान आहे. लाटांनी मधला भाग पोखरून नेला आणि कमान उरली. बंगाली लोक गमतीनं त्याला ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. निघताना दीदींनी चुलीवरून मान वर न करता विचारलं, ‘अभी? अभी तो पानी भरा है.’ आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

कोकणातलं कुणी हा लेख वाचत असेल तर त्यांना हे सांगायला नको. आजोळी माझे आजोबा हाच हिशेब करायचे. तिथीला पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. एकादशी म्हणजे अकरा, त्याचे पाऊणपट सव्वाआठ, सव्वाआठला भरती. चंद्र रोज मागे पडतो, त्यामुळे भरती प्रत्येक तिथीला पाऊण तास, म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे सरकते. अंदमानात भरतीचा सुरुवातीचा तास निराळा आहे, त्यामुळे कोकणचा आकडा जसाच्या तसा इथं चालत नाही. पण रोजची पाऊण तासाची पायरी तीच. आणि दुसरा नियमही तोच. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. इथं उधाणाला चढउतारात दोन मीटरच्या आसपास फरक पडतो.

दीदींचा निरोप थोडक्यात असा, की आज सव्वाबाराला ओहोटी लागेल खरी, पण पाणी अर्धवटच उतरेल. उद्या जरा जास्त. ‘पूर्णिमा को जाना. साढ़े तीन बजे. तब देखना.’

टीम लीडचा चेहरा बघण्यासारखा होता. चार दिवस थांबा? एका दगडासाठी? पण सहा दिवस एकाच बेटावर राहायचं ठरलेलं असल्यामुळे थांबण्याला काहीच पैसे पडत नव्हते! त्या दिवशी दुपारी आम्ही तरीही त्या किनाऱ्याला चक्कर मारली. हाफ डे पॅकेजवाले चार-पाच ग्रुप आले होते, त्यात एक अस्सल पुण्याचा. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून गाइडला विचारत होते, ‘अहो, ब्रोशरमध्ये तर इथं पाणी नव्हतं!’ गाइड बिचारा काय बोलणार? बोटीचं वेळापत्रक कंपनी ठरवते आणि पाण्याचं चंद्र. दोघांची मीटिंग अजून कुणी लावून दिलेली नाही.

चार दिवस, चार समुद्र

मधले दिवस कसे गेले? एक्सेलमध्ये भरता येणार नाहीत असे.

सकाळी सीतापूर. जेट्टीपासून पाचएक किलोमीटर, बेटाचं पूर्वेचं टोक. रस्ता भातखाचरांमधून जातो, मधेच वांग्यांचे आणि भोपळ्यांचे मळे, केळी, कोंबड्या, शाळेत निघालेली पोरं. सूर्योदयाला किनाऱ्यावर आम्ही दोघी, एक कुत्रं आणि जाळं आवरणारा एक कोळी. किनाऱ्याशी केवड्याच्या जातीची झाडं, त्यांची मुळं हवेतून खाली उतरून तंबूच्या काठ्यांसारखी वाळूत रुतलेली.

मग बाजार. नील केंद्रातल्या टपरीवर पुरी-भाजी आणि चहा. शेतकरी भाजीची पोती तीनचाकीवर लादून जेट्टीकडे निघालेले असतात. तिसऱ्या दिवसापासून टपरीवाला न सांगता कमी साखरेचा चहा द्यायला लागला. मुंबईत मी ज्या कॅफेत तीन वर्षं जातेय, तिथं अजून रोज नाव विचारून ते कपावर चुकीचं लिहितात!

दुपारी भरतपूर. हा बीच जेट्टीला लागूनच आहे आणि त्याचं रूप तासातासाला बदलतं. भरतीला पाणी असं पसरतं की पोहायला, स्नॉर्केलिंगला याहून निवांत जागा नाही. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा मी फक्त साड्यांच्या दुकानात पाहिल्यात. ओहोटीला तेच पाणी दूर जातं आणि खालची पोवळी जवळजवळ उघडी पडतात, तेव्हा तिथं पाय टाकायचा नसतो. इथली वाळू आपल्या कोकणातल्यासारखी नाही, पांढरी, पिठासारखी. तिच्यातला बराच भाग पोवळ्यांचा भुगा आहे. पोपटमासे खडकावरचं शेवाळ खाताना पोवळ्याचे तुकडेही कुरतडतात आणि ते दळून मागून सोडून देतात. म्हणजे तुम्ही ज्या वाळूवर रोमँटिक फोटो काढता ती अर्धीअधिक माशांच्या पोटातून आलेली असते. टीम लीडला हे सांगितल्यावर तिनं टॉवेल झटकून घेतला.

आणि दुपारचं जेवण! दीदींचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची शेड. गरम भात, मसूर डाळ, वांग्याचे काप, मोहरीच्या तेलातला सुरमईचा झोल. आपल्या कालवणात नारळ आणि कोकम, यांच्यात मोहरी आणि बटाटा. ‘सुरमईत बटाटा?’ असं मनातल्या मनात म्हणत मी तीन वेळा भात घेतला. जेवून झोळीत आडवं व्हायचं. पुस्तकाची चार पानं. डुलकी. पाचला सूर्यास्त.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही काय केलं, असं तुम्ही मला विचारलंत तर मला खरंच आठवत नाही. गेल्या दोन वर्षांत अशी एकही संध्याकाळ माझ्या वाट्याला आली नव्हती, एवढं मात्र पक्कं आठवतं.

दोन बादल्या

आता जरा वेगळी गोष्ट, कारण हे सगळं पोस्टकार्डाइतकं गुळगुळीत नाहीये.

दीदींकडे पंप सकाळी ठरावीक वेळच चालतो. खोलीमागे दोन बादल्या. त्यातच दिवस. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईपेक्षाही जास्त. तरी फेब्रुवारीनंतर पाण्याची ओढ लागते. बेट लहान, मोठी नदी नाही, पडलेला पाऊस धावत समुद्राला मिळतो. उरतात विहिरी आणि तळी. आणि नेमका हाच कोरडा मोसम म्हणजे आपला टुरिस्ट सीझन. जेव्हा पाणी सगळ्यात कमी, तेव्हा माणसं सगळ्यात जास्त! वर त्याच विहिरींवर वांगी आणि टोमॅटोही वाढायचेत.

दीदींचा थोरला मुलगा भाजी करायचा, आता टुरिस्टांची गाडी चालवतो. मळ्याचा अर्धा तुकडा पडीक आहे. मी विचारलं, ‘वाईट वाटतं का?’ त्या हसल्या. सांगितलं ते असं, की भाजीत कष्ट फार आणि भाव कधी मिळतो कधी नाही. बोट दोन दिवस बंद पडली की टोमॅटो जेट्टीवरच सडतात. टुरिस्ट सडत नाही. पण हाफ डेवाला टुरिस्ट त्यांच्या दारापर्यंत पोचतच नाही. तो बोटीतून गाडीत, गाडीतून बीचवर, बीचवरून हॉटेलात, हॉटेलातून बोटीत. गर्दी बेटाची, कचरा बेटावर आणि पॅकेजचे पैसे बऱ्यापैकी बेटाबाहेरच. जो राहतो तो टपरीवर चहा पितो, सायकल भाड्यानं घेतो, पोराच्या दुकानातून केळी घेतो. तो पाणीही पितो, दोन बादल्या. हा हिशेब दीदी रोज करतात, म्हणून त्यांच्याकडे पाचच झोपड्या आहेत. सहावी बांधायला जागा आहे, पण पाणी नाही, असं त्या म्हणाल्या.

पोवळ्यांचा हिशेब याहून मोठा. पोवळं हा दगड नाही, प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते अन्नही देतं आणि रंगही. पाणी फार तापलं की पोवळं ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. असंच फार दिवस राहिलं तर मरतं. २०१०च्या उन्हाळ्यात अंदमानचा समुद्र असाच तापला आणि पोवळ्यांचे मोठमोठे पट्टे पांढरे पडले. भरतपूरला पाण्याखाली पाहिलं तर रंगीत तुकड्यांच्या शेजारी करड्या भुग्याचे ढिगारेही दिसतात. ब्रोशरमध्ये फक्त रंगीत तुकडे असतात. समुद्राचं तापमान आपल्या हातात नाही हे खरं. पण पोवळ्यावर उभं राहून सेल्फी न काढणं आपल्या हातात आहे की नाही?

पौर्णिमा, साडेतीन

शेवटच्या पूर्ण दिवशी तीनला सायकली काढल्या. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बीचवर पोचलो आणि क्षणभर वाटलं, जागा चुकली. जिथं एकादशीला काका गुडघाभर पाण्यात उभे होते तिथं कोरडा खडक. समुद्र भलताच लांब गेलेला. त्याच्या आणि आमच्या मधे खडकाचं एक मोठं अंगण उघडं पडलेलं, त्यात शेकडो डबकी, परातीएवढी, बादलीएवढी, काही तर खोलीएवढी.

तिथले गावचेच गाइड असतात, दोन-चार जणांमागे एक. आमचा पोरगा विशीतला होता. पहिलं वाक्य, ‘जहाँ मैं पैर रखूँ, वहीं रखना.’ मग दीड तास आम्ही कमरेत वाकून फक्त खाली बघत होतो. काळी समुद्रकाकडी, हातभर लांब आणि अजिबात घाई नसलेली. निळा तारामासा. बोटभर मासे, डबक्यात अडकून भरतीची वाट बघणारे. खडकात रुतलेला शिंपला, त्याच्या ओठांना मोरपिशी रंग, आमची सावली पडली की फटकन मिटणारा. पोरानं एकाही जिवाला हात लावला नाही, आम्हालाही लावू दिला नाही. एका हौशी गृहस्थांनी पोवळ्याचा तुकडा खिशात टाकलेला त्यानं बघितला आणि शांतपणे परत ठेवायला लावला. पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मेलेला तुकडासुद्धा बॅगेत निघाला तर विमानतळावर अडवतात.

कमानीखाली आलो तेव्हा गर्दी ओसरली होती. दुपारची बोट गाठायची असलेले कधीच गेले होते. साडेचार वाजले. सूर्य कमानीच्या आड गेला आणि सगळ्या डबक्यांमध्ये एकदम तांबूस उजेड भरला. मागे वळून पाहिलं तर नारळांच्या वर चंद्र उगवत होता, ताटाएवढा. आणि पाणी परत यायला लागलं होतं. पहिल्यांदा आवाज आला, डबक्याडबक्यांतून चुळुक चुळुक. मग एकेक डबकं शेजारच्याला मिळत गेलं आणि अडकलेले मासे सुटले.

‘बस, चलो,’ पोरगा म्हणाला. भरती कुणाची वाट बघत नाही.

टीम लीडनं त्या दीड तासात तीनच फोटो काढले होते. परतताना सायकल हातात धरून ती म्हणाली, ‘आपण दशमीला आलो आणि पौर्णिमा मिळाली, हे बरं झालं.’ मग जरा थांबून, ‘पुढच्या वेळी अमावस्या बघू. काळोखात तारे जास्त दिसतील.’ नवीन शीटची तयारी सुरू झाली होती. पण त्या शीटमध्ये एकच चौकोन असेल, असं मला वाटतं.

मुंबईत उतरल्यावर दोन-तीन दिवस मी पहाटे पाचला जागी होत होते. मग सवय मोडली. तिथी मात्र अजून बघते. लोकलमधून खाडीवरचा पूल ओलांडताना खाली चिखल दिसतोय की पाणी, ते बघायचं आणि मनातल्या मनात पाऊणपट करायची. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

जायचंय?

कसं जाल : चेन्नई किंवा कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर विमानानं साधारण सव्वादोन तास. भरपूर सुट्टी आणि पोट भक्कम असेल तर चेन्नईहून जहाजही आहे, अडीच-तीन दिवसांचं. पोर्ट ब्लेअरहून नीलला सरकारी बोट सुमारे दोन तासांत पोचते, खासगी जलद बोटी त्याहून लवकर. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधी एक दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवाच. त्या दिवशी सेल्युलर जेल बघा, घाई न करता. सावरकरांच्या कोठडीसमोर मराठी माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

कधी : डिसेंबर ते एप्रिल. त्यातही पंचांग बघा. पौर्णिमा किंवा अमावस्या मुक्कामात येईल असं बुकिंग करा.

परवाना : नीलला भारतीयांना लागत नाही. ओळखपत्र मात्र जवळ असू द्या, बोटीच्या तिकिटालाही लागतं.

पैसे : रोख रक्कम सोबत ठेवा. नेटवर्क गेलं की यूपीआयही झोपतं.

काय न्याल : टॉर्च, डासांचं मलम, रबरी सँडल, पाण्याची स्वतःची बाटली. प्लॅस्टिकचा कचरा परत आणा.

सांभाळून : अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. गावकरी म्हणतील तिथंच पोहा. ओहोटीला पोवळ्यांवर पाय नको. आणि बादल्या दोनच, हे लक्षात असू द्या!